खो दिला की बसायचं

आई, तुझ्या माहेरी आलोय. मामाच्या सोप्यात बसून हे लिहितोय. समोर ऊस आहे आणि उसापलीकडे सांगलीला जाणारा रस्ता. तू शिकवलेली अक्षरं अजून हातात आहेत, फक्त जोडाक्षरापाशी हात जरा अडतो. मी आलो त्या दिवशी भावकीतली माणसं बघायला आली होती. एकानं विचारलं, "पाव्हणं, तुमी कंचा खेळ खेळता? रग्बी का?" मी म्हटलं, नाही, ऑस्ट्रेलियातला फुटबॉल, तो हातानंही खेळतात. "मंग त्येला फुटबॉल कशापायी म्हनायचं?" याचं उत्तर मला इतक्या वर्षांत तिथेही कोणी दिलेलं नाही. मामानं फोनवर माझी एक मॅच लावली, चष्मा वर-खाली करत अर्धी पाहिली आणि म्हणाला, "लय पळतोस रं. पर चेंडू घावला की लगीच दुसऱ्याला देतोस. सोताकडं ठेवत न्हाईस व्हय?"

मधल्या गड्याचं कामच ते. पंच मैदानाच्या मधोमध चेंडू जमिनीवर आपटून उंच उडवतो, उंच गडी तो खाली टोलवतो आणि आम्ही मधले त्याच्यावर तुटून पडतो. चेंडू सोललेल्या नारळाच्या आकाराचा, कुठे उसळेल याचा नेम नाही. तो पायांच्या गर्दीतून काढायचा, मुठीनं ठोसून आपल्या माणसाकडे द्यायचा आणि पुन्हा पळत सुटायचं. माझी सगळी जवानी यात गेली. खांदा दोनदा निखळला, गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, एका क्लबानं मला दुसऱ्या क्लबाला देऊन टाकलं, तिथेही नव्यानं जीव लावला. माझ्या वळण्याबद्दल तिथल्या पेपरांत लिहून यायचं. अंगाला अंग घासून जाताना हा नेमका कुठून निसटतो, असं. ते वळणं कोरेगावचं होतं हे मी कोणाला सांगणार? तिथे खो-खो कोणाला ठाऊक नाही आणि इथे तो खेळ कोणाला ठाऊक नाही. दोन्ही कळणारी तू एकटी होतीस, आणि मी मोठ्या मैदानावर उतरायच्या आदल्या हिवाळ्यात तू गेलीस. मॅच जिंकल्यावर सगळ्यांच्या आया कुंपणापाशी यायच्या. मी बुटांची नाडी सोडत बसायचो.

कोरेगावचं ते मैदान मला अजून दिसतं. सरकारी दवाखान्याच्या क्वार्टरमागचं, एका अंगाला बाभळी असलेलं. बाबा जाऊन वर्ष झालेलं आहे. तू ड्युटीवरून येतेस, पांढऱ्या साडीचा पदर खोचतेस आणि कॉलनीतल्या पोरांना रांगेत बसवतेस, एकाचं तोंड इकडे, दुसऱ्याचं तिकडे. मीही बसलोय. शेजारच्याचा चेहरा दिसत नाही, त्याला माझा दिसत नाही. मागून पाठीवर हात पडतो, "खो!" आणि मी उठण्याआधी मान वळवून बघतो, कुणी दिला म्हणून. तू तरातरा येतेस आणि एक धपाटा घालतेस. "कुनी दिला त्ये बगत बसायचं न्हाई. पाठीवर हात पडला की उठायचं!" त्यानंतर मी कधी मागे पाहिलं नाही. नोकरी लागली म्हणून तू मला घेऊन मेलबर्नला निघालीस, तेव्हाही नाही.

आणि ते मेलबर्नचं स्वयंपाकघर. विजेच्या शेगडीवर भाकरी फुगत नाही म्हणून तू चिडलेली आहेस. माझा खांदा पहिल्यांदा निखळलाय, हात झोळीत आहे, मी तोंड पाडून बसलोय. मी विचारतो, तू खो-खो एवढा चांगला खेळायचीस, मग सोडलंस का? तू भाकरी उलटतेस. "सोडलं कुटं? खो दिला आन् बसले. खो दिला की बसायचं. बसनारा हारत नसतो रं, डाव चालूच ऱ्हातो." इतक्या सहज म्हणालीस की मला तुझा हेवा वाटला.

आता माझी पाळी आलीय. गेल्या मोसमात डोक्याला पुन्हा मार बसला आणि अर्धी मॅच मला आठवतच नाही. मेंदूच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आणखी असा एक मार बसला तर आठवणींची खात्री देता येणार नाही. क्लब म्हणतो, अजून एक वर्ष खेळ, निर्णय तुझा. आई, माझ्याकडे तू आता फक्त आठवणीतच आहेस. ते मैदान, तो धपाटा, ती भाकरी. ते गेलं तर मला तुझ्याबद्दल सांगणारं तिथे कोणी नाही. तरीही 'नाही' म्हणायला जीभ रेटत नव्हती. तुला जमलं ते मला का जमत नाही, म्हणून स्वतःचाच राग यायचा.

परवा उसाला पाणी देताना मी मामाला तुझं ते वाक्य सांगितलं. त्यानं खोरं खाली ठेवलं. "बसले म्हनाली? आरं कसली बसतीया! राज्याच्या संघात नाव आलं हुतं, आन् तवाच लगीन ठरलं. गोठ्यात जाऊन रडायची, म्हशीच्या आडोशाला. तिला वाटायचं कुनाला कळत न्हाई, म्हून आमीबी कळू दिलं न्हाई."

काल दुपारी क्लबाचा फोन आला. मी नाही म्हणालो. आवाज अगदी घट्ट ठेवला, तू भाकरी उलटताना ठेवला होतास तसा. मग न्हाणीत गेलो, नळ पूर्ण सोडला आणि रडलो. किती एकटं वाटलं म्हणून सांगू. बसलो खरा, पण माझ्या रांगेत कोणी आहे की नाही तेच दिसेना.

हे पत्र कुठे टाकणार? घडी करून बॅगेत ठेवीन. फक्त एक सांगायचं राहिलं. संध्याकाळी मी जेवत होतो. मामानं मागून येऊन नुसता पाठीवर हात ठेवला. खरं सांगतो आई, हातातला घास टाकून मी उठायला निघालो होतो.