डावीकडून वळलेलं सूत

जगदेवीअक्का,

आपण दोघींनी विणलेली निळी सतरंजी बावीस वर्षांनी परळीहून दुरुस्तीला आली. मधली शंकरपाळीची नक्षी अजून वाकडीच आहे. ताण्याचे दोन उभे दोरे मोजायचे माझ्याकडून राहिले होते. नजर गेलेल्या अप्पांच्या बोटांना ती चूक लागली, तेव्हा मी तुझं नाव सांगितलं.

"हिचं ध्यान लग्नाकडं हाय. मागावर बसू नको आता," म्हणत त्यांनी तुझ्या हातातला सूत ठोकायचा पंजा काढून घेतला. तू पुन्हा कधी विणलं नाहीस.

काल उसवायला बसले, तर तिथलं सूत डावीकडून वळलेलं दिसलं. घरात डावखुरी मी एकटीच. अप्पांना ते दिसणार नव्हतं, पण शेजारी बसलेल्या तुला दिसलंच असणार. म्हणजे चूक माझी हे तू तेव्हाच ओळखलं होतंस, तरी माझं नाव घेतलं नाहीस.

शंकरपाळी उसवली नाही. पाकिटावर तुझा पत्ताही लिहवत नाही.

तुझ्या उजव्या हाताला बसणारी,
शिवकन्या