ऊना नदीवरची टाळी

रत्नागिरी, रविवार, दिवेलागण

वाचनालयातलं व्याख्यान चांगलं झालं, असं सगळे म्हणाले. विषय मीच निवडला होता: पाचशे वर्षांपूर्वी क्रोएशियात ऊना नदीच्या उथळ उतारापाशी झालेली लढाई. उस्मानी तुर्कांचे स्वार गावकऱ्यांना बांधून नेत होते. क्रोएशियन सैन्याने त्यांना नदी ओलांडताना गाठलं आणि कैदी सोडवले.

कैद्यांचं मी एका वाक्यात उरकलं. मग म्हणालो, नदी तुर्कांच्या रक्ताने लाल झाली. हे मी कुठेही वाचलेलं नाही. तोंडातून गेलं. टाळ्या पडल्या, म्हणून पुन्हा म्हणालो.

शेजारचे हसनभाई दुसऱ्या रांगेत होते. मीच आग्रहाने नेलं होतं. त्यांनी आधी दोन्ही बाजूंना पाहिलं, मग टाळ्या वाजवल्या.

परतताना ते स्कूटरवर माझ्या मागे बसले होते. म्हणाले, "आवाज चांगला लागला हो आज तुमचा." थोड्या वेळाने विचारलं, "ती बांधलेली माणसं घरी पोचली ना, सर?"

"पोचली."

"मग ते सांगायचंत की."

रागावले असते तर मी वाद तरी घातला असता. दोन्ही बाजूंना पाहिलं, मग टाळ्या. मला व्यासपीठावरून ते दिसलं होतं. दिसल्यावरच ते वाक्य मी दुसऱ्यांदा म्हणालो. का?

आत्ताच वाचनालयाच्या कार्यवाहांचा फोन येऊन गेला. दापोलीलाही हेच व्याख्यान हवंय. "नदीचा प्रसंग अजून रंगवा," म्हणाले.

हसनभाईंची आणि आमची भिंत एकच. मी आवाज खाली आणून हो म्हणालो.