भिंतीकडे तोंड

३ मार्च, सोमवार

पुन्हा नकार! 'या फाईलमध्ये बदल करण्याची तुम्हाला परवानगी नाही.' अक्षरं कापायचं नवं मशीन दुकानात येऊन बसलंय, पण कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर जुनं. ते अपडेट झाल्याशिवाय मशीन हूं की चूं करणार नाही. हिरवी पट्टी अर्ध्यापर्यंत सरकते आणि मग ही पाटी. पाट्या बनवणाऱ्यांच्या घरात ही एक फुकटची पाटी!

बाबा, म्हणजे सासरे (दुकान त्यांचं, शब्दही त्यांचा), म्हणाले, "जुनं मशीन मोडीत काढायला तूच नाचत होतीस." खरंय, नाचत होते. दवाखान्याच्या पाट्या पुढच्या सोमवारी द्यायच्यात. नाही जमलं तर मशीन परत आणि मी पुन्हा बिलं लिहायला, असं त्यांनी स्पष्ट सांगितलंय. मला ते नकोय! मला पाट्या करायच्यात.

४ मार्च

मशीनवाल्याला फोन केला. "ताई, ॲडमिनचा पासवर्ड टाका, झालं." झालं म्हणे! तो फक्त बाबांना माहीत. नवऱ्यालाही नाही. बाबा पासवर्ड टाकतात तेव्हा आम्ही सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, असा दुकानाचा नियम. लग्न होऊन आले तेव्हा वाटलं होतं, चेष्टा करतायत.

आज मागितला. "बघू." त्यांचं 'बघू' म्हणजे नाही.

५ मार्च

एक गंमत सापडली. फाईलवर उजवं क्लिक केलं, आत आत शिरत गेले — तर प्रत्येक फाईलला मालक असतो! चक्क नाव लिहिलेलं. आमच्या सगळ्या फाईलींवर बाबांचं. शिवाय कोणी वाचायचं, कोणी लिहायचं, तेही ठरलेलं. मी वाचू शकते, लिहू शकत नाही. "अगदी घरासारखं," नवरा म्हणाला. ह्याला विचारलं कोणी?

दिवसभर तेच उघडून बघत होते. वाचणं वेगळं, लिहिणं वेगळं, चालवणं वेगळं — कोणीतरी बसून हा सगळा विचार केलाय ना! जेवायचं राहिलंच.

७ मार्च

शेवटी बाबा आले. चष्मा पुसला. "तोंडं फिरवा." मी आणि नवऱ्याने फिरवली. टकटक टकटक. पट्टी सरकली, अर्ध्यावर थांबली — परवानगी नाही!

मी वळून पाहिलं. बाबांचा चेहरा एवढासा झालेला. "मला? मला नाही म्हणतंय?" पुन्हा टाकला. तेच. उठले आणि जाता जाता म्हणाले, "मशीनवाल्याला सांग, घेऊन जा म्हणावं."

रडू आलं. पण डोक्यातून जाईना — मालकालाच नाही कसं म्हणेल?

८ मार्च

सापडलं!! परवानग्यांच्या वर एक ओळ: 'सर्वजण — लिहिण्यास मनाई.' फार वर्षांपूर्वी धाकट्या दिराने खेळ टाकायच्या नादात कॉम्प्युटरवरच्या अक्षरांच्या अर्ध्या फाईली उडवल्या होत्या. तेव्हा चिडून बाबांनीच ही ओळ घातलेली. आणि सर्वजण म्हणजे सर्वजण, त्यात बाबाही आले! मनाई असली की परवानगीचं काही चालत नाही. ती ओळ काढायचा हक्क मात्र मालकाचा.

भीत भीत सांगितलं. चष्मा पुसून पडद्याजवळ वाकले. "म्हणजे मीच मला कोंडलं होय?" आणि हसले. चक्क बाबा हसले!

आम्ही भिंतीकडे तोंड केलं, त्यांनी पासवर्ड टाकला. मग मी बोट दाखवलं, त्यांनी ओळ काढली. पट्टी सरकत सरकत पार शेवटपर्यंत गेली. मशीनने पहिला शब्द कापला — 'चौकशी'. कडा काय सुरेख! बाबांनी त्यावरून हळूच बोट फिरवलं.

१० मार्च, सोमवार

पाट्या गेल्या. दुपारी बाबा आपल्या खुर्चीतून उठले. "बस इथे. नवा पासवर्ड ठेव, तुझा."

बसले. बघते तर ते भिंतीकडे तोंड करून उभे.

"बाबा, तुम्ही कशाला?"

"नियम म्हणजे नियम. टाक लवकर, पाय दुखतायत."