विकायला काढलेल्या घराचे गुण

३ ऑक्टोबर

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

खड्-खड्-खड्... आठवतो तो आवाज? तबेल्याच्या पत्र्यावर अक्रोड पडायचे, घरंगळायचे, आणि आपण खिडकीतल्या बाकावरून कवितेच्या मधल्या ओळीतच वह्या टाकून पळायचो. मास्तर वर्गात म्हणत, कविता मोठ्याने म्हणावी. आपल्याला पत्र्याने ताल धरून दिला होता. तबेला जाऊन वर्षं लोटली. कानातला पत्रा अजून वाजतो.

बंगला विकायला काढला आहे, हे तुला ठाऊकच. इस्टेटीच्या फाटकावर दलालाने पाटी लावली. गिऱ्हाइकांना मीच हिंडवतो. काल एक इंजिनियर नवरा-बायको आले. त्यांना पश्चिमेच्या खोलीतलं छत कुठे गळतं ते दाखवलं. वाऱ्याच्या रात्री माळा कसा कण्हतो, तेही सांगितलं. बाई म्हणाल्या, कळवतो. दलालाने मला कोपरापासून हात जोडले. माझं काय चुकलं, तूच सांग.

प्रकृती ठीक. मुलांना आशीर्वाद. लोभ असाच ठेव. वाढवायला आता दिवस थोडे उरलेत.

तुझा,
दादा

११ ऑक्टोबर

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

प्रकृती ठीक म्हणे! जिन्यावरून घसरलास आणि दोन तास तिथेच बसून होतास, हे मला दलालाने फोनवर सांगावं? लाज वाटू दे थोडी.

काय चुकलं विचारतोस? आई शेजारणींना तुझ्या खोड्या सांगायची, तशी तू घराची गळती सांगतोस. ऐकणाऱ्याला तक्रार वाटते, सांगणाऱ्याचा ऊर भरून येतो. पाच गिऱ्हाइकं पळवलीस. हे भोळेपणाने होत नाही, दादा. मी तुला सत्तर वर्षं ओळखते.

तुझी खोली तयार आहे, तळमजल्यावर. थंडीच्या आत ये. पुढच्या वेळी पडलास, तर त्या रानात हाक ऐकायला खारीच आहेत. विक्रीचे कागद सही करून सोबत पाठवते. मला मात्र बोलावू नकोस. गुडघे तर आहेतच, पण ते घर रिकामं बघणं माझ्याच्याने व्हायचं नाही.

रागावले आहे, तरी माया तेवढीच.

तुझी,
ठकू

२९ ऑक्टोबर

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

तुझी चोरी पकडण्याची सवय गेली नाही. हो, मुद्दामच करत होतो. पण या खेपेला डाव माझ्यावरच उलटला. एका निवासी शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या. मी नेहमीप्रमाणे छत, माळा, वाळवीने खाल्लेली चौकट, सगळं दाखवलं. त्यांनी एकेक गोष्ट वहीत टिपून घेतली आणि म्हणाल्या, दुरुस्त काय करायचं ते सांगणारा मालक पहिल्यांदाच भेटला. घर घेतलंच त्यांनी! चाळीस मुली राहणार. आपल्या खिडकीतल्या बाकावर बसून कविता म्हणता येतील का, हेही मी विचारून घेतलं. हसल्या, म्हणाल्या, पाठ करूनच घेऊ.

सामान गेलं. दिवाणखान्यात एक खुर्ची, एक टेबल आणि मी. भिंतींवर तसबिरींच्या जागी फिकट चौकोन तेवढे उरलेत. आज दुपारी किल्ल्या द्यायच्या. सकाळपासून तीनदा कोट चढवला, तीनदा उतरवला. दार ओढून घ्यायला हात धजत नाही, ठके. कुलूप लावताना शेजारी कुणी आपलं हवं होतं. तुला दोष देत नाही. तू आधीच सांगितलं होतंस.

गाडीचा आवाज आला. बाई लवकरच आल्या वाटतं. खिडकीतून बघतो.

टॅक्सी आहे. एक म्हातारी काठी टेकत उतरते आहे. पिशवी नीट धर म्हणून ड्रायव्हरला झापते आहे. आता मान वर करून थेट माझ्याकडेच बघते आहे, आणि पायऱ्यांशी उभी राहून डोळे पुसते आहे.

अगं वेडे, हे पत्र आता कुठल्या पत्त्यावर टाकू?