बारा केबायांचा एक रंग

आणि हो बुलिक, मी रंगांधळा नाही. "तेगुहऐवजी बकरी पाठवली असती तरी बरं झालं असतं," असं तुम्ही मागच्या फोनवर अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणालात, ते माझ्या लक्षात आहे. तरी आईची धाकटी बहीण म्हणून आधी तुम्हाला सलाम. गुडघा कसा आहे? तुमच्या यजमानांच्या, पाकलिकांच्या, पिंजऱ्यातला बुलबुल गातो का, की अजून माझ्यासारखा नुसता इकडून तिकडे उड्या मारतो?

तुमच्या लेकीच्या, एंदाहच्या लग्नात आपल्या घरच्या बाराजणी एका रंगाच्या केबाया पोलक्यांत उभ्या राहिल्या नाहीत तर मुलाकडचे नावं ठेवतील, आणि रंग चुकला तर तू मांडवात तोंड दाखवू नकोस, हेही तुमचंच बोलणं. मी नि एंदाह एका ताटात जेवून वाढलो. म्हणून टायरच्या दुकानातून (हो, काम पुन्हा बदललं, ते नंतर सांगतो) सुट्टी काढली आणि तुम्ही पाठवलेला कापडाचा बोटभर नमुना खिशात घालून सकाळी सकाळी तानाह आबांगच्या बाजारात गेलो. कापडवाल्या बाई रोस्माइनी नुकतं दुकान उघडत होत्या. मी पहिलं गिऱ्हाईक, म्हणून भाव पडला, चहा मिळाला. नमुना ट्यूबलाइटखाली ताग्याला लावला तर काडीचा फरक नाही. कापड कापलं, आणि बाईंनी माझ्या नोटा साऱ्या ताग्यांवर थापटत फिरवल्या, दिवसभर विक्री व्हावी म्हणून.

बाहेर उन्हात आलो तर नमुना केळीच्या कोवळ्या पानासारखा आणि कापड डबक्यासारखं! धावत परत गेलो. बाई म्हणाल्या, "बाळा, पहिली विक्री परत घेऊ? तुझ्या नोटा सगळ्या मालाला लावल्यात, आता दुकानात माशीसुद्धा येणार नाही. ऊन खोटं बोलतं. मॉलमध्ये जाऊन बघ." मला पटलं (का पटलं ते विचारू नका). समोरच्या मॉलमध्ये गेलो, तर तिथल्या उजेडात दोन्ही सारखेच, पण दोन्ही राखाडी! तिथल्या मुलीकडे तसलंच कापड तिप्पट भावाने होतं. मी सवयीने निम्म्यावर मागितलं, तर तिने पहारेकऱ्याकडे पाहिलं आणि मी जिन्याकडे.

मग गाडीत चढलो, तेही बायकांच्या डब्यात. तिथेही मी नमुना कापडाला लावून बघत होतो. गाडीचा पहारेकरी मला उतरवायला आला, पण बायकाच म्हणाल्या, "थांबा हो दादा, आधी रंगाचं ठरू द्या." नमुना हातोहात फिरला. एक म्हणे हिरवा, एक म्हणे निळा. एक आजी म्हणाल्या, "माझ्या लग्नात सगळ्या पिवळ्यात होत्या, तरी नवरा पळालाच." मांगराई स्टेशनला अर्धा डबा उतरला आणि नमुनाही कुणाच्यातरी मुठीतून उतरून गेला. आता मला हिरवा म्हणजे काय हेच आठवत नाही. सिग्नलकडेही संशयाने बघतो.

कापड या चिठ्ठीसोबत बसने पाठवतोय. तीस मीटर आहे.

तुमचा भाचा,
तेगुह

ता. क. नमुन्याचा उरलेला तुकडा तुमच्या कपाटात असेल. मुलाकडचे यायच्या आत तो हरवून टाका. मग आपलाच रंग खरा.

ता. क. दुसरा. कापड अठ्ठावीस मीटर भरेल. दोन मीटरचा मी सदरा शिवायला टाकलाय. रंग चुकलाच असेल तर फोटोत मीही तुमच्याबरोबर चुकलेलाच दिसेन. येऊ ना बुलिक? एंदाहला विचारून सांगा, तुमच्या मनाने नको.

ता. क. शेवटचा. शिलाईसाठी पाकिटात जेमतेम चार लाख रुपिया आहेत. "ये" म्हणत असाल तर त्यातले दीड लाख तिकिटाला परत पाठवा, म्हणजे मी पाठवले असे धरायचे अडीच लाख.