परिणाम घोट्यापर्यंत

तीर्थरूप थोरल्या काकांना,

तुमच्या हट्टी पुतणीचा वाकून (पण कण्याला धक्का लागणार नाही इतपतच वाकून) नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटल्यावर तुम्ही मुद्दाम गच्चीवरची टाकी बघायला चढलात, असं काकूंकडून कळलं. साखरेचं विचारत नाही, कारण तुम्ही खोटं सांगणार आणि मला ते खरं मानावं लागणार. काकूंचं ब्लडप्रेशर सर्वस्वी तुमच्या वागण्यावर अवलंबून असल्यामुळे त्याचीही वेगळी चौकशी करत नाही. इकडे सगळं ठीक आहे. तुमच्या जावयांचा खोकला गेला आणि माझी बदली झाली.

बदलीचं तुम्हाला आधीच कळलंय, हे तुमच्या पत्रावरून दिसलं. आमचे साहेब एकेकाळी तुमच्या हाताखाली काम शिकले, तेव्हा गाऱ्हाणं घेऊन ते दुसऱ्या कुणाकडे जाणार? 'तुमच्या पुतणीनं भर सभेत माझी शोभा केली' असं ते फोनवर म्हणाले म्हणे, आणि तुम्ही मला लगेच दोन ओळी लिहिल्यात की, माफी माग आणि मोकळी हो. काका, तुमचा शब्द मी आजवर कधी खाली पडू दिला नाही (कॉलेज, नोकरी आणि लग्न हे अपवाद सोडून). हा आणखी एक अपवाद समजा. मी माफी मागणार नाही. का, ते सविस्तर सांगते. चहा घेऊन बसा. बिनसाखरेचा.

आमच्या कक्षाचं काम तुम्हाला ठाऊक आहे. सरकारी खर्चानं रस्ता, पूल, इमारत, काहीही उभं राहायचं असलं की त्यानं तिथल्या पाण्याचं, मातीचं, झाडांचं आणि माणसांचं काय होईल ते आधी जाऊन बघायचं, आणि अहवालाच्या शेवटी परिणाम 'नगण्य', 'मध्यम' की 'गंभीर' ते लिहून सही ठोकायची. यातला 'आधी' हा शब्द नियमात आहे, व्यवहारात तो कुणी पाहिलेला नाही. कोनशिला बसते, फोटो निघतात, पेढ्यांचं वाटप होतं, आणि मग कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडतो की अरे, अहवाल राहिलाच की! आधी कळस मग पाया म्हणतात, तसं आमच्याकडे आधी निष्कर्ष आणि मग अभ्यास. या वेळी गंमत अशी की इमारत आमच्या खात्याचीच होती. नाव 'शाश्वत भवन'. चहूबाजूंनी काच, काचेमुळे आत भट्टी, भट्टीमुळे एसी, एसीमुळे छतावर सौर पट्ट्या (त्यांच्यावर फक्त लिफ्ट चालणार, तीही खाली येताना), आणि दर्शनी भिंतीवर हिरवा वेल. वेल प्लास्टिकचा, म्हणजे पाणी वाचतं. आणि हे सगळं कुठे, तर शहराच्या खालच्या अंगाला जी मोठी पाणथळ आहे ना, लव्हाळं आणि बगळे असलेली, तिथे भराव टाकून.

मी साहेबांना म्हटलं, पाणथळ बुजवून पर्यावरणाचं कार्यालय बांधायचं म्हणजे रुग्णालय चालावं म्हणून माणसं आजारी पाडण्यासारखं झालं. साहेब शांतपणे म्हणाले, "पाणथळ जाते म्हणता ना मॅडम? मग प्रवेशदालनात कारंजं बसवू. पाण्याच्या बदल्यात पाणी. लिहून टाका, भरपाई झाली." बगळ्यांनी लिफ्टसमोर रांग लावायची की पासवर सही घ्यायची, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

तरी मी रीतसर पाहणीला गेले. हातात बांबू, पायात चपला (बूट मागितले होते, पण बुटांचा प्रस्ताव अजून वर आहे). लव्हाळ्यातून थोडी आत गेले आणि माझा पाय खोलात गेला. वाक्प्रचार म्हणून नव्हे, खरोखर गेला, आणि मागोमाग दुसरा. कमरेपर्यंत रुतल्यावर मी ड्रायव्हरना हाका मारल्या. त्यांनी गाडी ओढायची दोरी माझ्या काखेखालून बांधली, जीप रिव्हर्समध्ये घातली आणि एका राजपत्रित अधिकाऱ्याला मुळ्यासारखं उपटून काढलं. डावी चप्पल आतच राहिली. त्या जागेवर आमच्या खात्याचा कायमस्वरूपी परिणाम म्हणायचा तर अजून तरी तेवढाच.

तशीच अनवाणी पलीकडे, खालच्या वस्तीतल्या शाळेत पाय धुवायला गेले. तिथल्या बाईंनी बादली दिली, पंचा दिला, आणि वर्गाच्या भिंतीवरचा एक पिवळट पट्टा दाखवला. वरच्या शहरातलं पावसाचं सगळं पाणी या पाणथळीत येऊन बसतं आणि सावकाश जिरतं. एका वर्षी नवा रस्ता काढताना तिचा एक कोपरा बुजवला, तेव्हा तेच पाणी वर्गात आलं आणि त्या पट्ट्यापर्यंत चढलं. पट्टा फळ्याखालच्या खडूच्या फळीला टेकलाय. "मुलांना बाकावर उभं करून ठेवलं हो," बाई हसत म्हणाल्या, "आणि पहिल्यांदाच त्यांना कळेना की त्यांनी केलंय तरी काय." त्या हसल्या, काका. मला हसता आलं नाही. मी त्या पट्ट्याला हात लावून पाहिला, तो माझ्या कमरेच्या वर होता. पहिलीतलं मूल केवढं असतं? एका कोपऱ्यानं एवढं केलं, तर सगळी बुजवल्यावर काय होईल, हे सांगायला कसलं यंत्र लागतं?

मी अहवालात 'गंभीर' लिहिलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, "हा शब्द फार गंभीर वाटतो." मी म्हटलं, आहेच. मग आठवडाभर आमच्या कक्षात फक्त विशेषणांचा बाजार चालला. मध्यम, सौम्य, सुसह्य, हंगामी, आणि एकदा तर 'सकारात्मकतेकडे झुकणारा'. शेवटी त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून आणलं: 'गांभीर्यपूर्वक विचार करता नगण्य'. एवढं सुबक वाक्य आमच्या खात्यात आजवर कुणी लिहिलं नसेल. मी म्हटलं, साहेब, मग सहीही तुम्हीच करा. ते म्हणाले, नियमाप्रमाणे मूल्यमापन अधिकाऱ्याचीच सही लागते. मग नियमाला थोडी तरी अक्कल आहे म्हणायची, असं मी बोलून गेले. (हे त्यांनी तुम्हाला सांगितलं नसेल तर आता कळलं.)

आता जनसुनावणी. लोकांसमोर अहवाल ठेवून त्यांचं म्हणणं ऐकायचं, हाही नियमच. साहेबांनी ती थेट त्या जागेवरच ठेवली, म्हणजे एवढ्या चिखलात कडमडायला कुणी येणार नाही. इमारतीच्या सल्लागारांनी (अत्तर, चकचकीत बूट, बोलताना दर वाक्याला 'जागतिक दर्जा') आदल्या दिवशी ट्रक भरभरून राडारोडा टाकला, वर फळ्या, त्यावर लाल गालिचा आणि मांडव. पुढच्या रांगेत मान्यवरांसाठी भलेमोठे सोफे. वस्तीतली माणसं आली, चांगली शेकड्यानं आली, पण कडेच्या बांधावर उभी राहिली. बसा, बसा म्हटलं तरी एक जण बसेना. सल्लागार म्हणाले, बुजतायत बिचारे.

साहेबांचं भाषण रंगात आलं तेव्हा मी स्टेजच्या कडेला उभी होते, म्हणून सोफ्यांकडे माझं लक्ष गेलं. त्यांचे पाय दिसत नव्हते. मग खालची पट्टी दिसेनाशी झाली. टेबलावरचा पाण्याचा ग्लास आपला आपण सल्लागारांच्या मांडीवर येऊन बसला. "ही जमीन सात मजले पेलेल," असं बजावून साहेब टाळ्यांच्या अपेक्षेनं सोफ्यात बसले, आणि सोफा नम्रपणे आणखी खाली गेला. तशाही अवस्थेत त्यांनी माइक माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाले, "मॅडम, परिणाम नगण्य, एवढे दोनच शब्द बोला आणि खाली उतरा."

काका, घराचे हप्ते, मुलीची फी, तुम्ही जिचे गोडवे गाता ती पेन्शन, सगळं त्या क्षणी डोळ्यांपुढून गेलं. मग बांधावर उभ्या असलेल्या शाळेच्या बाई दिसल्या, आणि खाली साहेबांचे बूट दिसले, म्हणजे दिसले नाहीत. मी सुनावणीच्या अध्यक्षबाईंकडे वळून म्हटलं, "अध्यक्ष महोदया, परिणाम सध्या घोट्यापर्यंत आहे."

बांधावर हशा फुटला. साहेब रागानं ताडकन उठले, म्हणजे पाय उठले, बूट उठले नाहीत. ते परत सोफ्यात आदळले आणि सोफ्यानं उरलीसुरली लाज सोडली. मी म्हटलं, "आता गुडघ्यापर्यंत." अध्यक्षबाईंनी स्वतःच्या चपला हातात घेतल्या, साडी वर खोचली, "हे इतिवृत्तात घ्या," असं लेखनिकाला सांगितलं आणि चालत बांधावर जाऊन वस्तीतल्या बायकांशेजारी उभ्या राहिल्या. सुनावणी तहकूब झाली. याला शोभा करणं म्हणतात का? मी मापं सांगितली. त्याचाच मला पगार मिळतो.

दुसऱ्या दिवशी माझी बदली झाली, मुख्यालयाच्या कुंड्या विभागात. व्हरांड्यातल्या कुंड्यांना पाणी घातलं जातं की नाही ते पाहायचं. माझ्या जागी जे आले त्यांनी अहवाल वाचला आणि त्यांची कंबर धरली. ते रजेवर गेले. त्यांच्यानंतरच्यांना चक्कर येते. साहेबांच्या 'नगण्य'वर सही कुणीच करेना म्हणून आता माझ्याकडे माफीनाम्याचा मसुदा आलाय. वर गोड गोड दिलगिरी आहे आणि खाली बारीक वाक्य आहे, की माझा 'गंभीर' हा निष्कर्ष भावनेच्या भरात लिहिला होता. म्हणजे माफी मागितली की खुर्ची परत, आणि त्याच खुर्चीत बसून सही. साहेबांना माझी माफी नकोय काका, पाणथळ हवीय. हे त्यांनी तुम्हाला फोनवर सांगितलं का?

मी भावनेच्या भरात वगैरे काही नव्हते. चिखलाच्या भरात होते, तोही कमरेपर्यंत, आणि जे पाहिलं ते लिहिलं. कुंड्यांना मरेपर्यंत पाणी घालीन, व्हरांड्यात जंगल करून दाखवीन, पण तो शब्द खोडणार नाही. तुम्हाला राग आला तर खुशाल येऊ दे. तुमचा राग मला लहानपणापासून पचतो.

काकूंना नमस्कार. गच्चीवर चढू नका.

तुमची,
(आता कुंड्या अधिकारी) पुतणी

ता. क. माफी मागणार नाही असं वर ठणकावून लिहिलं असलं, तरी एक माफी मागून झाली आहे. मांडववाल्याची. त्याचे दोन सोफे अजून वर आलेले नाहीत.

ता. क. दुसरा. खरं काम सांगायचं राहिलं. सुनावणी पुन्हा होणार आहे. मी नोकरीत असल्यामुळे हरकत घेऊ शकत नाही, पण खालच्या वस्तीत ज्याचं घर आहे त्याला घेता येते, आणि तो निवृत्त अभियंता असला तर समितीला ऐकून घ्यावंच लागतं. त्या वस्तीत तुम्ही काकूंना न सांगता दोन खोल्या घेऊन ठेवल्या आहेत, त्यांची घरपट्टी माझ्याच पत्त्यावर येते. तुम्ही याल ना? तुमचे जुने शिष्य समोरच बसलेले असतील.

ता. क. तिसरा. काकूंना कळेल म्हणून यायला कचराल, असं वाटलं. म्हणून काल फोन करून त्यांना मीच सांगितलं. त्यांनी आधी घरपट्टी किती येते ते विचारलं, मग म्हणाल्या, घर कुणाचंही असो, पाण्यात जाऊ द्यायचं नाही. तिकिटं दोन काढली आहेत. एक त्यांचं नक्की आहे.