धनराजचा पाहुणा

सानगडी,
८ फेब्रुवारी

प्रिय धनराज,

पार्सल फोडलंस की आधी हे पत्र वाच, आतला डबा नंतर उघड. तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसलो. तीन महिन्यांत माझा राग विरला. तुझा शिल्लक असेल तर पत्र संपेपर्यंत बाजूला ठेव.

दिवाळीत तू तुझा तो बारा इंची सैनिक घेऊन आला होतास. त्याच्या रेक्झिनच्या कोटाचे पापुद्रे निघत होते. तू म्हणालास, "बाबा, याले एक कोट शिवून द्या ना." मी हसलो. चाळीस वर्षं टेलर आहे, माणसांचे कपडे शिवतो, बाहुल्यांचे नाही, असं वर ऐकवलंही. "बाहुला नोका म्हणू बाबा, फिगर आहे थे," तू म्हणालास. त्याच संध्याकाळी तू रिताचं नाव काढलंस, आणि ती आपल्यातली नाही म्हणून मी काय काय बोललो ते तुला पाठ असेल. मलाही आहे. सकाळी तू पुण्याला निघून गेलास, सैनिक मात्र शिलाई मशीनशेजारीच राहिला.

महिनाभर मी त्याच्याकडे बघितलं नाही. मग एका दुपारी दुकानात कोणी नव्हतं, तेव्हा टेप काढला. टेप बेट्याच्या खांद्याला पुरून उरला! शेवटी दोऱ्याने मापं घेतली आणि वहीत उतरवली, जागेश्वरच्या कुर्त्याच्या मापांखाली. नावाच्या जागी लिहिलं, 'धनराजचा पाहुणा'.

कोटाचं कोणतंही कापड त्याच्या अंगावर गोधडीसारखं उभं राहायचं. अखेर आपल्या मोडक्या छत्रीचं काळं कापड उसवलं, ते बरोबर बसलं. तुझी आई दारातून म्हणाली, "पोराशी धड बोलनं नाही, अन् त्याच्या बाहुल्याले कोट शिवून राहिले!" पण बटणं कुठून आणावी म्हणून मी डोकं खाजवत होतो, तेव्हा तुटलेल्या पोतीतले काळे मणी तिनेच आणून दिले. बाही चढवताना सैनिकाचा पंजा निघून माझ्या हातात आला. म्हटलं, झालं, आता हा पोरगा जन्मात बोलत नाही. नीतूने मोबाइलवर दाखवलं, की पंजे काढूनच बाही घालायची असते. तुझी बहीण या बाबतीत माझी मास्तरीण झाली आहे.

पहिला कोट पार फसला. हाताची सवय रे. गावातल्या पोरांचे कपडे शिवायचे म्हणजे आत दोन इंच कापड जादा दुमडून ठेवायचं, पोर वाढलं की उसवून मोठं करायचं. तसंच मी याच्याही बाहीत न् घेरात कापड ठेवलं. घातल्यावर गडी असा फुगला, की हात खाली येईनात. नीतू पोट धरून हसली. "बाबा, हा का पुढच्या वर्षी वाढनार आहे?" मीही हसलो, पण नंतर वहीची जुनी पानं उलटत बसलो. दुसऱ्या कोटाला आत काहीच ठेवलं नाही, काठाला डिंक लावून कापड शिवणीलगत छाटलं. तोच डब्यात आहे. कॉलर बघ, तशी कॉलर मी तालुक्यात कोणाला शिवली नाही.

आता कशासाठी लिहितोय ते सांगतो. नीतूकडून कळलं, एप्रिलमध्ये तुम्ही दोघं पुण्यातच नोंदणी लग्न करताय. करा. तुझी आई आणि मी येतोय, बोलावलंस तरी आणि नाही बोलावलंस तरी. पण कोट दुकानातला घ्यायचा नाही. साकोलीहून गडद निळं कापड आणून ठेवलंय, कात्री मात्र लावता येत नाही. माझ्या वहीत तुझं शेवटचं माप बारावीतलं आहे, छाती बत्तीस. त्यानंतर तू केवढा झालास, ते मी कधी विचारलंच नाही. चुकलं माझं. माप द्यायला ये. एकटा येऊ नकोस, रिताला घेऊन ये. तिच्या ब्लाऊजचं माप तुझी आई घेईल, तिने कापड आधीच काढून ठेवलंय. आणि तुझ्या कोटात मी आत दोन इंच जादा ठेवणार आहे, नीतू कितीही हसली तरी.

वही उघडी ठेवून बसलेला,
तुझाच,
बाबा